द्राक्षं उपासाला चालतात

"दांडीला धरायचं. पोटाला धरलं की हाताच्या उबेनं चव बिघडते," बाबा म्हणाले आणि त्यांनी कोकम सरबताचा ग्लास दांडीला धरून दिव्यापुढे नेला. मग तो तिरका केला, हुंगला आणि डोळे मिटून म्हणाले, "अप्रतिम!"

"जिरं जास्त झालंय," आई म्हणाली.

शुक्रवारची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी मला 'बघायला' येणार होते, म्हणजे खरं तर आम्हीच सगळे मिळून एका वायनरीत जाणार होतो. बाबांच्या मोबाइलवर एक गोरा माणूस ग्लास कसा फिरवायचा ते दाखवत होता आणि तालुक्याच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक खांबेकर सर, म्हणजे बाबाच, ज्यांनी आयुष्यात उसाच्या रसाखेरीज काही रांगेत उभं राहून घेतलं नव्हतं, ते सोफ्याच्या काठावर बसून त्याची नक्कल करत होते. ग्लास होते आईबाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला कुणीतरी दिलेले. शोकेसमधल्या धुळीशिवाय त्यांत कधी काही पडलं नव्हतं.

हे सगळं घडवून आणलं होतं कल्याणच्या वंदनामावशीनं. ती आईची चुलतबहीण. तिच्या सोसायटीत वाकणकर राहायचे. त्यांचा मुलगा निरंजन इंजिनियर, एकतीस वर्षांचा. मी एकोणतीस, संगमनेरला दूध संघाच्या प्रयोगशाळेत. पत्रिका जुळली होती, फोटो पसंत पडले होते आणि दीड महिना आम्ही फोनवर बोलतही होतो. राहिली होती ती घरच्यांची भेट. तेव्हा मावशीनं आईला बजावलं, "हे बघ, माणसं फार पुढारलेली आहेत. पोहे, साडी, गाणं येतं का, असलं काही नको. नाशिकजवळ वायनरी आहेत ना, तिथं दोन दिवस आरामात जाऊ म्हणतायत. हल्ली असंच करतात."

"म्हणजे दारू?" आई म्हणाली.

"दारू नाही गं. वाइन."

हा फरक बाबांना लगेच पटला. याआधी मला आलेले चार नकार त्यांना पचवावे लागले होते. एका घरानं तर 'वातावरण जरा जुन्या वळणाचं वाटलं' असं कळवलं होतं. ते वाक्य बाबांच्या छातीत काट्यासारखं रुतून बसलं होतं.

रात्री बॅग भरताना आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं, उद्या एकादशी आहे!"

"मग?" बाबा म्हणाले.

"मग काय, मग? माझा उपास असतो."

"त्यांच्यासमोर उपासाचं नाव काढू नकोस. डाएट म्हण."

* * *

वायनरी दिंडोरीच्या बाजूला होती. टेकडीच्या उतारावर द्राक्षांच्या सरळ ओळी, खाली धरणाचं पाणी आणि मधोमध कौलारू इमारत. खोल्यांना द्राक्षांच्या जातींची नावं होती. आम्हाला 'शिराज' मिळाली, वाकणकरांना 'शेनिन'. व्हरांड्यात आरामखुर्च्या टाकलेल्या होत्या आणि त्यांत मुंबई-पुण्याची माणसं आरामात बसण्याचं काम मोठ्या कष्टानं करत होती. दर पाच मिनिटांनी एकेक जण उठून स्वतःच्या आरामाचा फोटो काढत होता.

वाकणकर आधीच आले होते. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले, उंच, जरा वाकलेले. त्यांनी फुलाफुलांचा शर्ट घातला होता. त्याची घडी इतकी ताजी होती की खांद्यावर टाचणीची दोन भोकं दिसत होती. शैलजाकाकूंनी पंजाबी ड्रेस घातला होता आणि त्या दर मिनिटाला नसलेला पदर सावरत होत्या. निरंजन फोटोपेक्षा बरा होता. आवाज तर माझ्या ओळखीचाच.

मला तो आवडला होता, हे इथंच सांगून टाकते. आधीच्या मुलांनी मला पगार विचारला होता, बदली होते का ते विचारलं होतं. यानं पहिल्याच फोनवर विचारलं, "दूध नुसतं हुंगून काय कळतं?" मी सांगितलं, डबा प्लॅस्टिकचा होता का कळतं, गाईनं कांदा खाल्लाय का तेही कळतं. त्यावर तो इतका मनापासून हसला की मी पुढचे पाऊण तास गाई-म्हशींवर बोलत राहिले.

"तुम्ही नेहमी येता का वायनरीत?" काकांनी बाबांना विचारलं.

"अधूनमधून," बाबा म्हणाले. "तुम्ही?"

"अधूनमधूनच."

दोघंही खूप वेळ द्राक्षांकडे बघत उभे राहिले.

अकरा वाजता 'टेस्टिंग' होतं. लांब टेबलावर प्रत्येकापुढे तीन ग्लास आणि मध्ये पितळेचं एक देखणं भांडं ठेवलेलं. काळा एप्रन घातलेली सलोनी नावाची बाई सगळं समजावून सांगत होती. सुरुवात तिनं इंग्रजीत केली, पण बाबांचा चेहरा बघून मराठीवर आली.

"आधी बघायचं, मग फिरवायचं, मग वास घ्यायचा. घाई नको. आपण इथं निवांत व्हायला आलोय."

बाबांनी ग्लास दांडीला धरला आणि इतक्या तडफेनं फिरवला की अर्धी वाइन काकांच्या नव्या शर्टावर उडाली. "असू द्या, असू द्या, होतं असं," काका म्हणाले, जणू त्यांच्या शर्टावर वाइन उडणं हे नेहमीचंच होतं.

"कशाचा वास येतोय?" सलोनीनं विचारलं.

"औषधाचा," बाबा म्हणाले. मग घाईघाईनं म्हणाले, "म्हणजे, चांगल्या औषधाचा."

शैलजाकाकूंनी ग्लास नाकाशी नेला, मान मागे घेतली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, ढोबळी मिरची!"

सलोनीचा चेहरा उजळला. "करेक्ट, मॅडम! या वाइनची हीच खूण आहे. पहिल्यांदा येणाऱ्यांना कधीच ओळखता येत नाही."

आमच्या बाजूला शांतता पसरली. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आपण पहिल्याच पेपरात नापास झालो.

आई मात्र वेगळ्याच विवंचनेत होती. ग्लास ओठांशी नेऊन ती थिजली होती. आत घ्यावं तर एकादशी मोडते, न घ्यावं तर लग्न मोडतं. तेवढ्यात सलोनी म्हणाली, "आणि हे मधलं भांडं थुंकायला आहे. जाणकार लोक वाइन गिळत नाहीत, तोंडात घोळवून यात टाकतात."

आईनं सुटकेचा असा निःश्वास टाकला की ग्लासावर वाफ धरली. तिनं घोट घेतला, घोळवला आणि भांड्यात टाकला. दुसऱ्याचंही तेच, तिसऱ्याचंही तेच. आयुष्यभर रोज पूजेआधी चुळा भरून तिला त्याचा सराव होता. सलोनी हात जोडून म्हणाली, "मॅडम प्रोफेशनल दिसतात."

आता वाकणकरांच्या बाजूला शांतता पसरली.

या सगळ्यात मी तिसऱ्या ग्लासाशी पोचले होते. ती लाल वाइन होती. रोज सकाळी टँकरच्या झाकणाशी नाक नेते तसं मी नाक नेलं. दूध हुंगताना आपण दोष शोधत असतो. काय बिघडलंय, कुणी काय मिसळलंय. इथं दोष शोधायचाच नव्हता. काळी मिरी होती, वाळत घातलेली जांभळं होती आणि सगळ्यांच्या मागे काहीतरी वखारीतल्यासारखं. मी घोट घेतला. जिभेच्या कडा आक्रसल्या आणि मग घशाखाली एक ऊब सावकाश उतरत गेली.

"ओलं लाकूड," मी म्हणाले.

सलोनी दोन क्षण माझ्याकडे बघत राहिली. "वर्षभर ओकच्या पिंपात असते ती," ती म्हणाली आणि न विचारता माझ्या ग्लासात आणखी थोडी ओतली. मी तीही प्यायले.

* * *

दुपारच्या जेवणाला चीज, पाव आणि ऑलिव्ह आले. काकू म्हणाल्या, "मला भूक नाही." आई म्हणाली, "माझं डाएट आहे." दोघी ते ताट बघत बसल्या. दोनच्या सुमारास आईच्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तेव्हा तिनं मला हळूच कोपरानं ढोसलं. "मागच्या बाजूला यांच्या कामाच्या माणसांचं स्वयंपाकघर दिसतंय. बघ ना, कुणी मूठभर भगर शिजवून देतं का."

मी मागच्या दारानं आत गेले. कमलबाई नावाच्या स्वयंपाकीणबाई चुलीपाशी उभ्या होत्या. आणि द्राक्षांच्या पालथ्या क्रेटवर बसून शैलजाकाकू उकडलेला बटाटा सोलत होत्या.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"काकू, तुम्ही?"

"तू इथं काय करतेस?"

"आईला भगर हवी होती. म्हणजे, डाएटची."

कमलबाई हसल्या. "तुमच्याकडं पण एकादशी का? मग पातेलं मोठं घेते."

काकूंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला. "तुझी आई उपास करते? पण ती तर सराईतासारखी..."

"ती थुंकत होती, काकू. उपास मोडू नये म्हणून."

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. "मी तर प्यायले गं! एक घोट. मनाची समजूत घातली, की द्राक्षं उपासाला चालतात."

मी आईला बोलावलं. आई दारात आली, काकूंच्या हातातला बटाटा पाहिला, आणि त्या दोघी सकाळीच पहिल्यांदा भेटलेल्या असूनही एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग बाबा आले, काका आले, निरंजन आला. मागच्या ओट्यावर सगळ्यांनी मांडी घातली. कमलबाईंनी भगर आणि दाण्याची आमटी वाढली. एकादशी नसलेल्यांनीही ती चाटूनपुसून खाल्ली, कारण ऑलिव्ह कुणालाच गिळवले नव्हते.

"वंदनानं सांगितलं, तुम्ही फार पुढारलेले," बाबा म्हणाले.

"तिनं आम्हाला तुमच्याबद्दल तेच सांगितलं!" काका ओरडलेच. "म्हणे, त्यांच्या शोकेसमध्ये वाइनचे ग्लास आहेत."

"ते प्रेझेंट आलेले आहेत हो! आणि तुमच्या टीव्हीशेजारी परदेशी बाटली आहे म्हणे?"

"तिच्यात मनीप्लँट आहे!"

बाबांनी कोकमाच्या तालमीची हकीकत सांगितली. काकांनी शर्टाची सांगितली, दुकानदाराला म्हणे त्यांनी 'वाइन पिण्याजोगा शर्ट दाखवा' असं सांगितलं होतं. हसून हसून काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्ध्या तासात कार्यालयापर्यंत गोष्ट गेली, मानपान नको इथपर्यंत गेली. निरंजन माझ्याकडे बघून हसत होता. मला वाटलं, झालं. आपलं ठरलं.

"आणि मंजिरीनं तर काय सोंग वठवलं!" काकू माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या. "दोनदा घेतली गं हिनं! मी ह्यांना म्हटलंसुद्धा, पोरगी रोजची दिसते."

सगळे पुन्हा हसले. मीही हसत होते. हसतहसतच म्हणाले, "सोंग नव्हतं काकू. मला खरंच आवडली."

"आवडली म्हणजे?"

"म्हणजे आवडली. तिसरी जास्त."

आमटीची वाटी काकूंच्या हातात तशीच राहिली. काका मनीप्लँटबद्दल काहीतरी बोलत होते, ते बोलायचे थांबले. बाबा घसा खाकरून म्हणाले, "गंमत करते ती. स्वभावच आहे तिचा गमत्या." माझा स्वभाव गमत्या आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

निरंजन उठला. "जरा चक्कर मारून येतो आम्ही."

आम्ही द्राक्षांच्या ओळींतून बरंच खाली गेलो. तो एक पान तोडून बोटांत चुरगाळत होता.

"एवढंच म्हण, की गंमत केली," तो म्हणाला. "एक वाक्य. आई विसरून जाईल."

"तुला राग आला का?"

"मला कशाला येईल? अगं, मी स्वतः घेतो. ऑफिसच्या पार्टीत घेतो, गोव्याला गेलो की घेतो. मला काही वाटत नाही त्याचं."

"काकूंना माहीत आहे?"

"वेड लागलंय का?"

"मग असं करू," मी म्हणाले. "तू वर जाऊन सांग, की मी घेतो. मग मी सांगते, मी गंमत केली."

तो हसला, पण फोनवर हसायचा तसा नाही. "असं एकदम कसं सांगायचं? माझं वेगळं आहे, मंजिरी."

"काय वेगळं आहे?"

त्यानं बराच विचार केला. तो वाईट मुलगा नव्हता. उत्तर सापडत असतं तर त्यानं दिलं असतं.

"लग्नानंतर आपण येऊ ना इथं," तो शेवटी म्हणाला. "दोघंच. तेव्हा हवी तेवढी घे. कुणाला कळणारसुद्धा नाही."

मी खाली पाण्याकडे बघत राहिले. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. एक वाक्य, तेही हसत. एका घोटासाठी कुणी लग्न मोडतं का? मी स्वतःला तसं विचारलंही. आणि मग लक्षात आलं, की त्या दिवशी सकाळपासून इतक्या माणसांत पकडलं गेल्याशिवाय फक्त एकच गोष्ट खरी बोलली गेली होती, आणि मागे घ्यायची होती ती तेवढीच.

आम्ही वर आलो. काकूंनी माझ्यासाठी जागा सरकवली. चेहरा अगदी मायेचा होता. "गंमत केलीस ना गं?" त्यांनी विचारलं. त्या मला दार उघडून देत होत्या, हे मला दिसत होतं. बाबा डोळ्यांनी विनवत होते. आई माझ्याकडे नुसती बघत होती. तिचा चेहरा मला वाचता येईना.

"नाही, काकू," मी म्हणाले.

चार वाजता वाकणकरांना कल्याणहून महत्त्वाचा फोन आला. निदान फोन कानाला लावून काका बराच वेळ फिरत तरी होते. साडेचारला त्यांची गाडी गेली. निरंजननं काच खाली करून हात हलवला. पुन्हा त्याचा आवाज मी ऐकला नाही. त्याच वर्षी दिवाळीनंतर त्याचं लग्न झालं, असं वंदनामावशीकडून कळलं.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. दर फेब्रुवारीत मी दोन दिवस त्या बाजूला जाते. दुपारी व्हरांड्यात पाय लांब करून बसते, एखादा ग्लास घेते, झोपते, उठते, चालून येते. कधी मैत्रिणी असतात, कधी अभिजित असतो. त्या प्रसंगानंतर चार वर्षांनी आमचं लग्न झालं. त्याला वाइनचा वासही सहन होत नाही. तो शेजारी बसून लिंबूसोडा पितो आणि सुडोकू सोडवतो. पण त्या शनिवारी हे काही माहीत नव्हतं. त्या शनिवारी फक्त बाबांची गाडी होती, पुढे आई आणि मागे मी.

सिन्नर मागे पडलं. मग बाबांनी सुरुवात केली.

"काय गरज होती? मला एवढंच सांग. चांगलं घर, चांगला मुलगा. एक शब्द बोलली असतीस तर काय जीभ झिजली असती?"

बाबांनी गिअर बदलला.

"आवडली म्हणे! जगात सगळं आवडलेलं बोलून दाखवायचं असतं का? बायकांनी जरा—"

"तुम्ही मला बघायला आला होता," आई म्हणाली, "तेव्हा तुमच्या वडिलांनी विचारलं होतं, पुढे शिकायची इच्छा आहे का."

बाबांनी मान वळवली. "त्याचं इथं काय?"

"मी म्हणाले, नाही. मला घरकामाची आवड आहे."

"हो. आठवतंय मला. दादांना फार आवडलं होतं ते."

"सगळ्यांनाच आवडलं होतं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वनस्पतिशास्त्रात कॉलेजात पहिली. कुणी जबरदस्ती केली नव्हती हो. मला कुणी शिकवूनही ठेवलं नव्हतं. तुमच्या आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंडून निघून गेलं. एकच वाक्य."

गाडीचा वेग कमी झाला. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत पुढे निघून गेला.

"मला वाटलं, तुला खरंच नको होतं," बाबा म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"अगं, पण मी..." बाबा अडखळले. "मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींसाठी भांडलो. तालुकाभर भाषणं केली. मुलींना शिकवा म्हणून."

"ऐकलीत ना मी," आई म्हणाली. "पहिल्या रांगेत बसून."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. बाबांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. त्यांची फक्त मान मला मागून दिसत होती.

"खरंच शिकायचं होतं?" बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.

"हो."

संगमनेरला आत, आमच्या घराकडे वळायचा फाटा आला. त्याची पाटी मला स्पष्ट दिसली, आईलाही दिसली असणार. बाबा सरळ पुढे गेले. आम्ही दोघींनी त्यांना काही सांगितलं नाही. चंदनापुरीचा घाट लागला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.